उड्डाणाची घरची बाजू

(दोहा येथील मराठी मंडळींसमोर दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आखातात आयुष्य वेचून गेलेल्या आपल्या माणसांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते. त्यांत विमान चालवणारे थोडेच होते. विमानांची देखभाल करणारे, सामान चढवणारे, कार्गोचे कागद पाहणारे, इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आणि या सगळ्यांची घरे सांभाळणारी माणसे अधिक होती. त्यांना आठवायचे तर विषय त्यांच्या जगण्याजवळचा हवा. म्हणून ख्रिस्ती मिशनच्या विमानसेवेत काम करणारी कुटुंबे हा विषय मी घेतला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. कतारमध्ये मिशनची विमानसेवा नाही. इथला कायदा इस्लामखेरीज अन्य धर्मांच्या प्रसाराला परवानगी देत नाही, आणि इथे राहणाऱ्या आपण सर्वांनी तो पाळायचा असतो. मिशनची विमाने उडतात ती पापुआच्या डोंगरांत, काँगोच्या रानात, दक्षिण सुदानच्या दलदलीत. तरीही या विषयावर बोलायला दोह्याइतकी योग्य जागा मला सुचत नाही. १९९४ मध्ये कतार एअरवेजची पहिली विमाने उडाली, २०१४ मध्ये हमाद विमानतळ सुरू झाला, आणि या काळात या शहरातल्या हजारो घरांचे घड्याळ विमानांच्या वेळापत्रकाला बांधले गेले. माझे यजमान याच शहरात विमानांच्या देखभालीत होते, त्यामुळे ते घड्याळ मला ठाऊक आहे.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. विमानसेवेचा इतिहास आपण वैमानिकाच्या धाडसाचा इतिहास म्हणून लिहितो, आणि घराला 'पाठिंबा देणारे' म्हणून समासात बसवतो. मिशनच्या विमानसेवेची हकिगत नीट वाचली तर दिसते की घर समासात कधीच नव्हते. घर त्या कामाचा अर्धा भाग होते. म्हणून कामाच्या यशावर त्याचा हक्क आहे, आणि कामाने त्याच्याकडून काय घेतले याचा हिशेबही त्याला मिळायला हवा.

आगबोटीचे दिवस

आखातात मिशन आणि घर यांची गाठ विमानाच्या कितीतरी आधी पडली. १८८९ मध्ये अमेरिकेत अरेबियन मिशन स्थापन झाले. जेम्स कँटाइन आणि सॅम्युएल झ्वेमर हे दोन तरुण त्याच्या संस्थापकांत होते. १८९६ मध्ये झ्वेमर यांनी ॲमी विल्क्स या परिचारिकेशी लग्न केले आणि दोघांनी बहारीनला संसार मांडला. १९०३ मध्ये तिथे मेसन स्मारक रुग्णालय सुरू झाले. पुढच्याच वर्षी, जुलैच्या उकाड्यात, कॅथरिना आणि रूथ या त्यांच्या दोन लहान मुली आठ दिवसांच्या अंतराने आजाराने दगावल्या. त्या बहारीनच्या मातीत आहेत. रुग्णालयाचा इतिहास सांगताना खाटा आणि शस्त्रक्रिया मोजल्या जातात. या दोन कबरी कोणत्या रकान्यात मांडायच्या, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

दोह्यापर्यंत हे काम आले ते १९४० च्या दशकात. मोत्यांचा व्यापार कोसळला होता. दुखानला तेल लागले होते, पण महायुद्धामुळे विहिरी बंद ठेवाव्या लागल्या, आणि पहिली निर्यात व्हायला १९४९ ची अखेर उजाडली. मधल्या वर्षांत कतारने अन्नाची आणि औषधाची ददात सोसली. त्या दिवसांत बहारीनच्या मिशनचे डॉ. हॅरल्ड स्टॉर्म शेखांच्या बोलावण्यावरून इकडे आले आणि दोह्यात एक छोटे रुग्णालय चालू झाले. डॉ. मेरी ब्रुइन्स ॲलिसन यांनीही पुढे इथे काम केले, तेव्हा इथल्या बायकांना स्त्री डॉक्टर भेटली. आज ज्या शहरात विमानतळापासून इस्पितळापर्यंत सगळे जगातले अद्ययावत म्हणून दाखवले जाते, त्या शहरात आधुनिक वैद्यकाची सुरुवात अशी झाली. डॉक्टर पाहुणे होते, यजमान इथले शेख होते, आणि दोघांनी परस्परांची मर्यादा राखली.

या मिशनचा आपल्या मुंबईशी रोजचा संबंध होता. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबई, कराची, मस्कत, बहारीन, बसरा अशा फेऱ्या करीत. माणसे, टपाल, औषधे, तांदूळ आणि कापड त्याच वाटेने येई. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपया चालत होता. मिशनच्या कुटुंबांतली मुले शाळेसाठी कोडाईकॅनॉलला जात. १९०१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच ती शाळा निघाली होती. आखातातून आगबोटीने मुंबई, तिथून रेल्वेने दक्षिणेकडे, मग घाट. सात-आठ वर्षांचे मूल एकदा त्या वाटेला लागले की वर्षातले बहुतेक महिने आईबापांना दिसत नसे.

मिशनचे काम घरातून कसे दिसते हे मराठी वाचकाला नवीन नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ते 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांच्या श्रद्धेची थोरवी आपण जाणतो. पण त्या निर्णयाने एका बाईचा संसार किती वर्षे अधांतरी ठेवला, हे आपल्याला कळते कारण तिने स्वतः ते सांगितले. तसे पुस्तक मिशनच्या प्रत्येक घरात लिहिले गेले असते तर आजचे माझे काम सोपे झाले असते.

पायाने चालणारा बिनतारी संच

मिशनला विमान का लागले, याचे उत्तर अंतरात आहे. जर्मनीचे पाद्री पॉल शुल्ट पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. त्यांचे मित्र फादर ओटो फुअरमन आफ्रिकेत वेळेवर उपचार न मिळाल्याने गेले. वाहन असते तर ते वाचले असते, ही खंत शुल्ट यांच्या मनाला लागली, आणि १९२७ मध्ये त्यांनी मिशनना मोटारी, बोटी आणि विमाने मिळवून देणारी 'मिवा' ही संस्था काढली. ती आजही काम करते.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन पाळक वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होते. १७ मे १९२८ रोजी क्लॉनकरी गावातून डॉक्टरला घेऊन त्यांच्या सेवेचे पहिले विमान निघाले. विमान क्वांटास कंपनीकडून भाड्याने घेतलेले होते. पुढे हीच रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस झाली. सगळे चित्र विमानाचे आहे. पण विमानाला निरोप कोण देणार? शेकडो मैलांवरच्या गुरांच्या कुरणांत तारा नव्हत्या, वीज नव्हती. अल्फ्रेड ट्रेगर या कारागिराने १९२९ मध्ये पायाने पॅडल मारून चालवायचा बिनतारी संच तयार केला, आणि कितीतरी घरांत तो संच चालवणाऱ्या हातापायांत घरच्या बाईचा वाटा मोठा होता. पुरुष गुरांमागे दूर गेलेले असत. मुलाला ताप आला, घोड्यावरून कोणी पडला, बाळंतीण अडली, तर निरोप तीच देई. पुढे प्रत्येक ठाण्यावर औषधांची पेटी आली आणि औषधांना क्रमांक दिले गेले. डॉक्टर पलीकडून क्रमांक सांगे, ती मात्रा देई. विमान निघाले तरी ते पोचेपर्यंतचे तास तिचेच असत.

१९५१ मध्ये त्याच बिनतारी जाळ्यावर ॲलिस स्प्रिंग्जहून मुलांची शाळा सुरू झाली. ॲडलेड मीथके या शिक्षिकेची ती कल्पना. मुले एकमेकांपासून शेकडो मैल दूर बसून एकाच वर्गात उत्तरे देऊ लागली. विमानसेवेसाठी उभारलेले साधन घराने आपल्या गरजेसाठी वळवून घेतले. काम आणि घर असे दोन वेगळे कप्पे पाडणे किती कृत्रिम आहे, हे इथे उघड दिसते.

बेटी ग्रीन आणि मार्ज सेंट

१९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती वैमानिकांनी मिशनसाठी विमानसेवा काढली. आज ती 'मिशन एव्हिएशन फेलोशिप' या नावाने पंचवीसहून अधिक देशांत काम करते. तिचे पहिले कार्यालय उघडून बसली ती एक बाई होती. बेटी ग्रीन. युद्धात तिने अमेरिकेच्या स्त्री-वैमानिक दलात विमाने चालवली होती. २३ फेब्रुवारी १९४६ रोजी दोन प्रवासी बायकांना घेऊन ती मेक्सिकोकडे उडाली, आणि हेच या संस्थेचे पहिले उड्डाण ठरले. पुढे पेरूत तिने अँडीज पर्वत ओलांडला. मग नायजेरिया, सुदान, न्यू गिनी. सुदानमध्ये स्त्रीने विमान चालवण्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. तिने लग्न केले नाही. ज्या सेवेचा पाया घालणाऱ्यांत एक अविवाहित बाई होती, त्या सेवेत पुढची कित्येक वर्षे वैमानिक म्हणजे पुरुष आणि घर म्हणजे त्याची पत्नी हेच चित्र रूढ झाले, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

त्या चित्राच्या मध्यभागी नेट सेंट आणि मार्ज सेंट उभे आहेत. १९४८ मध्ये नवविवाहित जोडपे इक्वेडोरला गेले. अँडीजच्या पायथ्याशी, ॲमेझॉनच्या रानाच्या तोंडाशी शेल मेरा नावाचा तळ होता. शेल तेल कंपनीने तो उभारला म्हणून ते नाव. तिथून रानातल्या मिशनच्या ठाण्यांना नेट धान्य, औषधे, टपाल पोचवी आणि आजाऱ्यांना बाहेर काढी. पायी ज्या वाटेला अनेक दिवस लागत, ती विमानाने मिनिटांवर आली. नेट हा जातिवंत कारागीर. इंजिनाला इंधन मिळेनासे झाले तर दुसऱ्या मार्गाने ते पुरवणारी जुळणी त्याने स्वतः तयार केली. विमान आकाशात घिरट्या घालत असताना लांब दोरीच्या टोकाची बादली जमिनीवर जवळपास स्थिर ठेवण्याची युक्तीही त्याचीच.

मार्ज शिकलेली परिचारिका होती. तिचा दिवस पाहा. सकाळी रेडिओवर सगळ्या ठाण्यांकडून हवामान घ्यायचे. कुठे ढग खाली आले आहेत, कुठली धावपट्टी पावसाने भिजली आहे, कुणाला काय हवे आहे, हे लिहून घ्यायचे. विमान निघाले की त्याचा ठावठिकाणा ऐकत राहायचे. मधल्या वेळात आल्यागेल्यांचे जेवणखाण, आजाऱ्यांची व्यवस्था, तीन लहान मुले. हवामान कळल्याशिवाय विमान निघत नसे, आणि ते हवामान मार्जच्या कानांनी येत असे. याला पाठिंबा म्हणायचे की विमानचालन म्हणायचे?

८ जानेवारी १९५६. नेट आणि जिम एलियट, पीट फ्लेमिंग, एड मॅकली, रॉजर युडेरियन हे त्याचे चार सोबती कुरारे नदीच्या वाळवंटावर वाओरानी या जमातीच्या लोकांना भेटायला उतरले होते. दुपारी नेटने रेडिओवरून सांगितले की साडेचारला पुन्हा बोलतो. साडेचारला मार्ज रेडिओपाशी होती. पलीकडून आवाज आला नाही. भाल्यांनी पाचही जण मारले गेले होते. दुसऱ्या दिवशी सहकारी वैमानिकाला नदीकाठी फक्त कापड ओरबाडलेला विमानाचा सांगाडा दिसला.

या घटनेवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले, आणि त्या बहुतेकांचा नायक वाळवंटावर आहे. मला त्यानंतरच्या दिवसांतल्या शेल मेराच्या घराविषयी बोलायचे आहे. पाच बायका, त्यांची लहान मुले, आणि एक रेडिओ. त्या दिवसांत ठाण्यांना कळवणे, शोधपथकाशी बोलणे, मुलांना जेवू घालणे, हे सगळे त्या बायकांनी केले. मार्ज लगेच इक्वेडोर सोडून गेली नाही. किटोला तिने मिशनचे अतिथिगृह चालवले. १९५८ मध्ये नेटची बहीण रेचल आणि जिमची पत्नी एलिझाबेथ, आपल्या चिमुकल्या मुलीला घेऊन, त्याच वाओरानींमध्ये जाऊन राहिल्या. ज्यांनी भाले मारले त्यांच्याच अंगणात. क्षमेचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही, आणि तो घरातल्या माणसांनी दिला.

मी या कथेची दुसरी बाजू लपवणार नाही. वाओरानींचे जग त्यानंतर झपाट्याने बदलले. त्यांना एका राखीव भागात एकत्र आणले गेले, तेल कंपन्यांना उरलेले रान मोकळे झाले, आणि १९६९ मध्ये पोलिओच्या साथीने त्यांच्यात मृत्यू आणि पांगळेपण आणले. अभ्यासकांनी मिशनवर यासाठी कडक टीका केली आहे. ती टीका वाचणे हे श्रद्धावंताचेही कर्तव्य आहे. विमान दूरच्या माणसाला जवळ आणते, तेव्हा त्याच्यासाठी काय काय जवळ आणते याची जबाबदारी विमान आणणाऱ्यावर येते. आणि सेवेच्या बदल्यात कुणाची श्रद्धा मागणे हा सेवेचा अवमान आहे, असे मी एक ख्रिस्ती बाई म्हणून मनापासून मानते. आजाऱ्याला उचलून आणले, की ते काम तिथेच पूर्ण होते.

तोलून मापून

हे काम आज कसे चालते ते सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी अनेकांना त्यातले बारकावे माझ्याहून चांगले समजतील.

छोटे विमान, बहुधा एकाच इंजिनाचे. सेसना २०६, सेसना कॅरव्हॅन, कोडियाक. धावपट्टी म्हणजे डोंगराच्या उतारावर गावकऱ्यांनी फावड्या-टोपल्यांनी काढलेली गवताची पट्टी. कित्येक पट्ट्यांवर उतरायचे वर चढत आणि उडायचे खाली उतरत, कारण दुसऱ्या टोकाला कडा असतो. एका ठरावीक जागेपुढे गेल्यावर माघार नसते. प्रत्येक प्रवासी आणि प्रत्येक बोचके काट्यावर तोलले जाते. तापलेली हवा विरळ असते, उंचावरची हवा विरळ असते, आणि विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनालाही जोर कमी. दोह्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या विमानांचाही भार कमी करावा लागतो, हे तुम्ही जाणता. तिथे हा हिशेब चुकला तर झाडे समोर असतात.

पूर्वी या विमानांना एव्हगॅस हे खास पेट्रोल लागे. ते दूरच्या देशांत दुर्मिळ आणि फार महाग झाले, म्हणून मिशनच्या सेवा हळूहळू जेट इंधनावर चालणाऱ्या टर्बाइन विमानांकडे वळल्या. बांगलादेशात, जिथे नद्या दरवर्षी जमिनीचा आकार बदलतात, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारे विमान वापरले गेले आहे. पापुआत रुग्ण, लसी, शिक्षक, घराचे पत्रे, सौरपट्ट्या, सगळे त्याच विमानातून जाते. मिशनचा वैमानिक पुष्कळदा मेकॅनिकही असतो. सकाळी चालवलेले विमान संध्याकाळी तोच उघडतो.

आणि पगार? या सेवांत वैमानिकाच्या कुटुंबाला बहुधा आपला खर्च आपणच उभा करावा लागतो. नेमणुकीआधी महिनोन्‌महिने पतिपत्नी मुलांसह गावोगावच्या चर्चमध्ये जातात, आपल्या कामाविषयी बोलतात, आणि दरमहा थोडे थोडे देणारी माणसे जोडतात. पुढे त्यांना नियमित पत्रे लिहायची असतात. ती पत्रे कितीदा पत्नीच लिहिते. हवामान पाहणारी ती, हिशेब ठेवणारी ती, पाहुण्यांचे करणारी ती, आणि देणगीदारांशी नाते टिकवणारीही ती. पण सेवेच्या नोंदवहीत उड्डाणाचे तास वैमानिकाच्या नावावर चढतात.

आता उपग्रहाने विमानाचा माग लागतो. तळावरचा कर्मचारी पडद्यावर ठिपका पाहतो. यात घराचे ओझे हलके झाले आहे, हे चांगलेच आहे. तरी धोका संपलेला नाही. १२ मे २०२० रोजी पापुआत जॉइस लिन या चाळीस वर्षांच्या वैमानिकेचे विमान सेंतानी तळ्यात कोसळले. संगणकशास्त्र शिकलेली ती बाई. विमानात दूरच्या गावासाठी शाळेचे सामान आणि कोविडच्या चाचण्यांचे साहित्य होते. २०२२ च्या नोव्हेंबरात मोझांबिकमध्ये अनाथालयांसाठी सामान नेणाऱ्या एका मिशन-वैमानिकाला अटक झाली आणि चार महिने तो तुरुंगात राहिला. त्याची पत्नी आणि दोन लहान मुले होती. अशा वेळी बातमी एकाची होते आणि शिक्षा चौघे भोगतात.

मुलांचा हिशेब

सगळ्यांत अवघड भाग मुलांचा आहे. आईबापांनी व्रत घेतले. मुलांनी घेतले नव्हते.

केनियात १९०६ मध्ये रिफ्ट व्हॅली अकॅडमी निघाली, नायजेरियात, फिलिपाइन्समध्ये तशाच शाळा निघाल्या. अनेक मुलांना तिथे जिवाभावाचे मित्र आणि उत्तम शिक्षण मिळाले. पण सगळ्यांना नाही. गिनी देशातल्या मामू इथल्या मिशनच्या शाळेत मुलांवर झालेल्या अत्याचारांची स्वतंत्र चौकशी झाली आणि तिचा अहवाल १९९८ मध्ये आला. ती मुले तेव्हा मोठी होऊन आईबाप झाली होती. इतकी वर्षे ती गप्प राहिली याचे एक कारण असे की आपल्या तक्रारीने आईवडिलांचे देवाचे काम अडेल, असे त्यांच्या मनावर बिंबले होते. हे वाक्य मी पुन्हा म्हणते. आपल्या दुःखाने देवाचे काम अडेल, असे मुलांना वाटत होते. ज्या सेवेत मूल असे मानू लागते, त्या सेवेने थांबून स्वतःकडे पाहिले पाहिजे. चौकशी झाली आणि ती छापली गेली, हे योग्य झाले. आज अनेक कुटुंबे मुलांना जवळ ठेवून शिकवतात, आणि नेमणूक ठरवताना मुलांची गरज विचारात घेतली जाते. ही सुधारणा त्या मुलांच्या सोसण्यातून आली आहे.

परक्या देशात वाढणाऱ्या मुलांचा समाजशास्त्रीय अभ्यास ज्यांनी सुरू केला, त्या जॉन आणि रूथ यूसीम या दांपत्याने ते काम १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांत केले. घरचा देश एक, राहण्याचा देश दुसरा, आणि मूल या दोहोंमधल्या एका तिसऱ्याच जगात वाढते, असे त्यांना दिसले. दोह्यातली आपली मुले याच जगात वाढत आहेत. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली बाकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मल्याळम-हिंदी, कानावर अरबी. सुट्टीत गावी गेले की पाहुणे, इथे परतले की परदेशी. त्यांना काही कमी आहे असे नाही. पण त्यांचे जग आपल्या बालपणासारखे नाही, हे आपण त्यांच्याकडून ऐकून घेतले पाहिजे.

दोह्याचे आपण

कॅथलिक परंपरेत वैमानिकांची आश्रयदाती म्हणजे लोरेटोची माता. १९२० मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी तसे जाहीर केले. लोरेटोची दंतकथा अशी की देवदूतांनी नाझरेथमधले मरियेचे घर उचलून आकाशमार्गाने इटलीत आणले. कितीतरी संत असताना वैमानिकांच्या वाट्याला घराची कथा आली, याचे मला फार अप्रूप वाटते. वसईच्या, गोव्याच्या, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतून आखातात आलेली माणसे हेच करीत आली आहेत. घर उचलून आणतात. ते उचलण्याचे बळ एका माणसाचे नसते.

२००८ च्या मार्चमध्ये मेसाइमीरला तेव्हाचे अमीर शेख हमाद यांनी दिलेल्या जागेवर रोझरी मातेच्या चर्चचा अभिषेक झाला. बाहेर क्रूस नाही, घंटा नाही. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून मोठी उपासना शुक्रवारी. सातव्या शतकात निनेव्हेचे संत इसहाक याच भागात, तेव्हा बेथ कत्राये म्हणत त्या प्रदेशात, जन्मले होते, आणि इतक्या शतकांनंतर या भूमीवर पुन्हा चर्च उभे राहिले ते मुख्यतः आपल्यासारख्या चाकरमान्यांसाठी. तिथे जमणाऱ्या घरांत पाहा. एक जण पाळीवरून थेट आलेला, एक जण उपासना अर्धी टाकून पाळीवर जाणारा, कुणाची पत्नी गावी कारण कुटुंबाचा व्हिसा मिळण्याइतका पगार नाही, कुणाचा नवरा गावी कारण नोकरी तिची आहे. इथे मिशन नाही आणि मिशनरी नाहीत. पण काम घराकडून जे मागते, ते तेच आहे.

म्हणून मिशनच्या विमानसेवेपासून तीन गोष्टी शिकाव्यात, असे मी आग्रहाने सांगते.

पहिली, जमिनीवरच्या माणसाला 'नको' म्हणण्याचा अधिकार. हवामान वाईट आहे, आज जाऊ नको, हे रेडिओपाशी बसलेल्या माणसाने म्हणावे आणि वैमानिकाने ऐकावे, यातच सुरक्षितता असते. हाच अधिकार घरातही हवा. सलग रात्रपाळ्यांनी थकलेल्या माणसाला घरचे थांब म्हणतात तेव्हा ते कामात अडथळा आणत नाहीत. थकलेल्या हातांनी घट्ट केलेला बोल्ट शेकडो जिवांशी जोडलेला असतो.

दुसरी, मुलांना विचारणे. बदली, वसतिगृह, गावी आजी-आजोबांकडे ठेवणे, हे निर्णय अनेकदा पैशांमुळे घ्यावे लागतात, आणि त्यात लाज नाही. पण मुलाचे म्हणणे निर्णयाच्या आधी ऐकावे, आणि नंतर त्याला वाईट वाटले तर ते बोलण्याची मोकळीक त्याला असावी. कष्ट करणाऱ्या आईबापांपुढे तक्रार करणे हा कृतघ्नपणा आहे, असे त्याच्या मनात कधीही रुजू देऊ नये.

तिसरी, नोंद ठेवणे. बेटी ग्रीनचे नाव टिकले, मार्ज सेंटची ती संध्याकाळ आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी लिहिले. ऑस्ट्रेलियात पॅडल मारणाऱ्या बहुतेक बायकांची नावे गेली. आखातातल्या मराठी विमान-कुटुंबांचे काय होणार? पहिल्या पिढीचे लोक निवृत्त होऊन वसई, कल्याण, पुणे, सावंतवाडी, मडगावला परतत आहेत. त्यांच्यासोबत एक मोठे ज्ञान परत जात आहे. एका माणसाच्या पाळीभोवती घर कसे उभे करावे, दोन देशांत मिळून एक संसार कसा चालवावा, आजारपण आणि मरण दुरून कसे सोसावे, याचे ज्ञान.

इथल्या मराठी मंडळाला माझी विनंती आहे की येत्या वर्षी हे काम हाती घ्यावे. प्रत्येक धर्माच्या, प्रत्येक जातीच्या मराठी घरात जावे. नोकरी करणाऱ्याला त्याचे काम विचारावे, आणि नोकरी न करणाऱ्याला त्याहून अधिक वेळ द्यावा. मुलांना वेगळे बसवून विचारावे. जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, सामवेदी असो, मालवणी असो की वऱ्हाडी, उतरवून घ्यावे आणि छापावे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची नावे एका पानावर छापून त्यांचे ऋण फिटणार नाही. त्यांच्या घरांनी केलेले काम, काम म्हणून लिहिले गेले, तर ते फिटायला सुरुवात होईल.